रोजचं एक पान

नाना,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी बोलायचं सुचतंय. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मलाही कळतं. तरी लिहिते, कारण लोकांना जे सांगत आले ते तुम्हाला सांगवणार नाही.

आई गेली तेव्हा मी दहावीत होते. चाळीसगावच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपण दोघंच उरलो. पोळ्या तुम्ही करायचात, जाड आणि कडेला कच्च्या, आणि मी मुकाट्याने खायची. एकदा जेवताना मी म्हटलं, मी आईवर पुस्तक लिहिणार. तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिलात. दुसऱ्या दिवशी बाजारातून लाल कापडी पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर आणलंत. "रोज एक पान," एवढंच म्हणालात.

तुम्ही कीमन. धुळ्याकडे जाणाऱ्या लाइनीवर तुमचा ठरलेला टप्पा होता. खांद्यावर हातोडा टाकून तो रोज चालायचा, रुळांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघत जायचं आणि सैल दिसेल ती ठोकायची. उन्हाळ्यात पायाला फोड यायचे, तरी खाडा नाही. मला त्याचा कंटाळा यायचा, खरं सांगते. रोज तेच रूळ, त्यात काय बघायचं असं वाटायचं.

मग तो रविवार. आठवडाभर मी रजिस्टरला हात लावला नव्हता. तुम्ही पीठ आणायला गेलात तेवढ्यात बसून सात पानं खरडली, वर सात तारखा टाकल्या, आणि मोठ्या ऐटीत दाखवली. तुम्हाला अक्षरं जुळवून वाचावी लागत, म्हणून मी निर्धास्त होते. तुम्ही वाचलंच नाहीत, नुसती पानं उलटलीत.

"हाई बठ्ठं एकच दिननं शे," म्हणालात. मी नाही-नाही, रोजचं आहे म्हणायला लागले, तर आवाज न चढवता विचारलंत, "सात दिनन्या चाव्या मी एकच दिन ठोकू का? चाली का?"

मला इतका राग आला होता नाना, की दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही बरोबर होतात म्हणूनच आला होता. पुढे वर्षभर मी रोज पान लिहिलं. मग कॉलेज, मग जळगावची नोकरी, मग संसार. दिवाळीच्या सुट्टीत सलग बसेन, मुलगी शाळेत जायला लागली की बसेन, असं चाललं. तुम्ही भेटलात की विचारायचात, "चालू शे ना?" मी म्हणायची, हो नाना.

नव्वद सालानंतरची गोष्ट. धुळ्याच्या दवाखान्यात तुम्ही खाटेवर आहात, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. मी रजा काढून मावशीकडे राहते आणि दुपारी तुमच्याजवळ बसते. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणता, "आजनं पान वाच." पिशवीत एक वही असते, पण कोरी. मी ती उघडते आणि वाचल्यासारखं करते. आई अंगणात मिरच्या वाळवतेय, आई नळावर भांडतेय, आई कळण्याच्या पिठाची भाकरी थापतेय. तुम्ही डोळे मिटून ऐकता, मधेच हसता. दहा दिवस मी कोऱ्या पानावरून बोट फिरवत वाचलं. आजवर माझ्या हातून इतकं चांगलं काही उतरलेलं नाही, आणि ते कागदावर नाहीच.

अकराव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "कालनं परत वाच."

मी सुरुवात केली, अडखळले, पुन्हा वेगळीच सुरुवात केली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "काल तिना हातमा कळण्यानी भाकर व्हती." वही मिटू की उघडी ठेवू, कळेना. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "ऱ्हाऊ दे. आजनं सांग."

वाच नाही म्हणालात, सांग म्हणालात. त्यानंतर रोज सांगच म्हणत राहिलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. त्या रविवारसारखं एकदा विचारलं असतंत तर कदाचित मी त्या दुपारी लिहायला बसले असते. पण मरणाऱ्या माणसावर दोष ढकलायचा म्हणजे माझी हद्दच झाली.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी मावशीच्या घरून चालत येत होते आणि वाटेत तुमच्यासाठी पान जुळवत होते. आई क्वार्टरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलीय. तुमची यायची वेळ टळलीय, तर तेच ताट ती तिसऱ्यांदा निवडतेय, आणि कुणी विचारलं तर म्हणतेय, खडे फार निघाले यंदा. वॉर्डात पोचले तर खाट रिकामी होती.

आधी सांगितलेलं सगळं मी विसरले. हे एकच पान सांगायचं राहिलं, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे. लोक विचारतात, पुस्तक कुठवर आलं? मी म्हणते, चालू आहे.

ते पानसुद्धा मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं, नाना.