सेइतकाली बायची शेवटची जाहिरात

आल्मा-आता,
६ एप्रिल १९९१

ती. राबिगा आपा यांस,
मेदेतचा कृतानेक सलाम, वि. वि.

तुम्ही लिहिलंत की पणजोबांचं दुकान होतं, मग ते गेले, संपलं. आपा, असं संपवून कसं चालेल? जूनमध्ये कोकबुलाकच्या कबरस्तानात त्यांच्या नावाचा दगड बसवायचा आहे. भावकीतली दोनशे माणसं जेवायला येणार, आणि मला त्यांच्याबद्दल सांगता येतात त्या एवढ्या दोन ओळी. म्हणून दर शनिवारी मी इथल्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळतो. जुन्या, अरबी लिपीतलं मला वाचता येत नाही, पण तिथले साबित म्हणून एक म्हातारे वाचून दाखवतात.

काय माणूस हो तुमचे वडील! १९११ची ही जाहिरात बघा: 'बायझानचा मुलगा सेइतकाली कळवतो की निळ्या दाराच्या दुकानात चहा, किटल्या आणि शिलाईयंत्रं आली आहेत. जवळच्यांनी पायी यावं, लांबच्यांनी घोड्यावर, भांडायला येणाऱ्यांनी घरून जेवून यावं.' दोन वर्षांनी त्यांनी शाळेला पत्र्याचं छप्पर दिल्याची बातमी आहे. त्याच अंकात त्यांच्या उंटाने साहेबाच्या बागेतली कोबी फस्त केल्याची तक्रार आहे, आणि ती छपरापेक्षा मोठी छापली आहे. १९२१च्या दुष्काळात दुकानासमोर हिवाळाभर कढई चढत होती, असंही वाचलं.

पणजोबांच्या नावाखाली माझ्या आजोबांचं, म्हणजे तुमच्या भावाचं, कादिरचंही नाव घालावं म्हणतो. तुम्ही दोघं का बोलत नव्हता हे मला कोणी सांगितलं नाही. पण त्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली.

बाळाला दात येतायत, घरात कोणाला झोप नाही. रागावलात तरी चालेल, पण माया पातळ करू नका.

तुमचा,
मेदेत

कोकबुलाक,
१५ एप्रिल १९९१

चि. मेदेत यास,
राबिगाचे अनेक आशीर्वाद.

कोबीचं खरं आहे. उंटाच्या वाड्याचा आडणा मीच काढून टाकला होता. म्हणजे घरच्यांनी तसं सांगितलं, मी दोन वर्षांची होते. वडील जाहिराती स्वतः लिहायचे, आईला वाचून दाखवायचे आणि आधी स्वतःच हसायचे. बाळाला सुकं चीज चघळायला दे, तुझ्या बायकोने शहरातल्या डॉक्टरचं कितीही ऐकलं तरी.

दगडावर कादिरचं नाव येणार असेल तर मी येणार नाही. तीन घरं पलीकडे राहत होता तो, आणि एकोणपन्नास वर्षं मी त्याच्या अंगणात पाय ठेवला नाही. आता वडिलांच्या शेजारी त्याला बसवू?

आणखी एक. १९२८ला थांब. पुढचे अंक उघडू नकोस. चाळीस वर्षं पोरं शिकवली आहेत मी, नको म्हटलं की तू तेच करणार हे मला ठाऊक आहे. तरी सांगते. हात जोडून सांगते.

तुझी,
सेइतकालीची मुलगी,
राबिगा

आल्मा-आता,
४ मे १९९१

ती. राबिगा आपा यांस,
मेदेतचा कृतानेक सलाम, वि. वि.

उघडले. माफ करा.

१९२८च्या यादीत 'बाय', म्हणजे धनिक, म्हणून पणजोबांचं नाव आहे, दुकान आणि जनावरं जप्त झाल्याचं आहे. ते घरात माहीत होतं. पण ११ मार्च १९३०च्या शेवटच्या पानावर हे आहे: 'आम्ही, कादिर आणि राबिगा, सेइतकालीची मुलं, जाहीर करतो की या शोषकाशी आमचं नातं आजपासून तुटलं. तो आमचा बाप नव्हे.' त्याच स्तंभात तसल्या आणखी तेरा सूचना आहेत, तेरा घरांतल्या मुलांच्या.

साबितकडून मी तीनदा वाचून घेतलं. तुम्हाला दोष द्यायला मी कोण? ते दिवस मी पाहिले नाहीत. पण आपा, तुम्ही सही केली होती का? दगडासमोर उभा राहून मी काय सांगू? मन ठिकाणावर नाही.

पत्राची वाट पाहतो. मला परकं करू नका.

तुमचा,
मेदेत

कोकबुलाक,
१२ मे १९९१

चि. मेदेत यास आशीर्वाद.

केली नव्हती. मी अठरा वर्षांची होते, शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी. कोणीतरी तो अंक माझ्या बाकावर आणून ठेवला. कादिर त्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होता. दोन दिवस बैलगाडीत बसून घरी आले तोवर वडिलांना नेलं होतं. पुन्हा दिसले नाहीत. कुठे पुरले तेही माहीत नाही. कादिरला विचारलं की हे कोणी दिलं छापायला. तो म्हणाला, "मी जुळवलं." एवढंच.

त्या सूचनेमुळे मला प्रशिक्षणातून काढलं नाही. त्या सूचनेवर मी नोकरी केली, त्या नोकरीवर जेवले. वडिलांनी तो अंक वाचला असणार, ते पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. मग त्यांना काय वाटलं असेल? आपल्या राबिगाने आपल्याला टाकलं, हेच मनात घेऊन गेले ना? एकसष्ट वर्षं मी याच प्रश्नापाशी बसले आहे.

कादिरने मरताना तुझ्या बापाच्या हाती गळ्यातला ताईत पाठवला होता मला. मी परत धाडला. म्हटलं, त्याची दुवा त्यालाच लखलाभ. आता कळलं ना? दगडाचं तुझं तू ठरव.

सेइतकालीची मुलगी,
राबिगा

आल्मा-आता,
२५ मे १९९१

ती. राबिगा आपा यांस,
मेदेतचा कृतानेक सलाम, वि. वि.

तो ताईत आमच्या बाळाच्या पाळण्याला बांधलेला आहे. आतला कागद जुन्या लिपीतला, म्हणजे कुराणातलं काहीतरी, असंच आम्ही सगळे धरून चाललो. वाचता कोणालाच येत नव्हतं.

तुमचं पत्र वाचल्यावर मला आठवलं, आजोबा म्हणाले होते, "राबिगाला द्या, तिला वाचता येईल." ज्या माणसाने जन्मात रोजा धरला नाही, तो बहिणीला दुवा कशाला पाठवेल? ताईत उसवू नये म्हणतात. माझी बायको कुनिकेय घाबरत होती, तरी तिनेच कातडं उसवलं. आत अर्धा कागद निघाला. साबितकडे नेला. त्यांनी चार ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे कुराणातलं नाही. ज्यांचं आहे त्यांना पाठव."

मी पुढे विचारलं नाही. कागद सोबत आहे. या वेळी परत धाडू नका, एवढीच विनवणी.

तुमचा,
मेदेत

कोकबुलाक,
७ जून १९९१, शुक्रवार

चि. मेदेत यास,
राबिगाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वडिलांचं आहे. वरच्या अर्ध्यात ती सूचना आहे, छापली तशीच, शब्दन् शब्द. खाली लिहिलंय ते तुझ्यासाठी नव्या लिपीत उतरवते:

'कादिर, हे तूच जुळव, दुसरा कोणी चुका करेल. राबिगाला सांगू नकोस. तिला कळलं तर चौकात उभी राहून हे खोटं आहे म्हणून ओरडेल, आणि तुम्हा दोघांनाही नेतील. ती तुझ्यावर रागावेल. रागावू दे. मी लिहिलेल्या जाहिरातींत ही सगळ्यात वाईट, पण हिला गिऱ्हाईक नक्की मिळेल.'

त्यांना माहीत होतं, मेदेत. मी टाकलं नाही हे त्यांना माहीत होतं.

आणि तो खुळा तीन घरं पलीकडे बसून राहिला. लग्नाकार्यात मी त्याला चारचौघांत टोमणे मारले, तो खाली मान घालून चहा प्यायचा. सत्तावन्न साली, भीती सरल्यावर, एकदा टरबूज घेऊन माझ्या दारात उभा होता. मी दार लावलं. शेवटी कागदच पाठवला, तर मी शिवणसुद्धा उसवली नाही. सगळ्या गल्लीत जुनी लिपी येणारी मी एकटी. माझ्या हाताने मी भाऊ घालवला. याला दुसरं काय म्हणू?

मेलेल्यांच्या नावाने शुक्रवारी पातळ पोळीसारखे सात शेल्पेक तळून शेजारी वाटतात, तुला ठाऊक आहे. वडिलांच्या नावाने मी कधी तळले नाहीत. मला हक्क नाही असं वाटायचं. आज पीठ मळलं. पहिला करपला. सहा घरं झाली, सातवा घेऊन कादिरच्या अंगणात गेले. आता तिथे भाडेकरू आहेत, तरणी बाई आहे. तिने विचारलं, कोणाच्या नावाने? मी वडिलांचं नाव सांगितलं. मग भावाचं सांगितलं. ते तोंडातून निघायला वेळ लागला, बाई बिचारी ताटली धरून उभी.

दगडावर दोन्ही नावं घाल. मी येते. ताईत पुन्हा शिवून पाळण्याला बांध. कागद माझ्याकडे राहू दे, मी गेले की माझ्यासोबत ठेव. बाळाला माझा मुका.

तुझी,
सेइतकालीची मुलगी
आणि कादिरची बहीण,
राबिगा