कागदावरचं वय

बा, आज कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी तुझं वय विचारलं. माझा रक्तदाब वाढलेला निघाला, अठ्ठाविसाव्या वर्षी, म्हणून त्यांनी घरच्यांची चौकशी केली. वडील आहेत का? नाहीत, दहा वर्षं झाली. कितव्या वर्षी वारले? मी म्हणालो, एक्केचाळिसाव्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "इतक्या लवकर? मग तुम्हाला फार जपावं लागेल." मी मान हलवली. शर्टाची बटणं लावली, एक चुकलं, सगळी काढून परत लावली.

नामांतराच्या दंगलीत गावातलं आपलं घर जळालं, त्यात रेशनकार्डही गेलं. आपण शहरात, लष्कराच्या छावणीमागच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत आलो. चिकलठाण्याकडं तेव्हा रोज नवा कारखाना उभा राहत होता. मुकादम म्हणाला, "म्हाताऱ्याला कोन घेतंय? चाळीसच्या आतला पायजे." मी दहावी नापास, पण अक्षर चांगलं, वस्तीतले सगळे अर्ज मीच भरायचो. चुलीजवळ पाट मांडीवर घेऊन मी तुझा अर्ज भरतोय. वयाच्या रकान्यापाशी थांबून विचारतो. तू भाकरी मोडत म्हणतोस, "रझाकाराच्या वक्ताला तुझी थोरली बहीण कडंवर व्हती. लाव हिशोब." मी एकोणचाळीस लिहिलं, अंकी आणि अक्षरी, कुठं खाडाखोड नाही. आई हसली, "आता मीच थोरली झाले की यांच्याहून!" तू म्हणालास, "मंग रोज पाया पडत जाईन तुझ्या."

तेव्हापासून दर रविवारी तू आरशाच्या तुकड्यात बघून मिशीला कलप लावायचास. कारखान्यात तुला पोरांच्या ओळीत उभं केलं, लोखंडी साचे उचलायला. दुपारी मी डबा घेऊन आलो की तू फाटकाजवळ बसून आधी श्वास गोळा करायचास, मग बोलायचास. मी म्हणायचो, जरा हळू कर. तू म्हणायचास, "माझा बाप नव्वदीत लाकडं फोडायचा. आपल्यात कुनी लवकर जात नाय." मला ते खरं वाटायचं. ते खरं मानणं माझ्या सोयीचं होतं.

दोन वर्षांनी तुला कारखान्याचा जिना चढवेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "वय?" तू माझ्याकडं बघितलंस. तुझे ओठ हलले होते. दवाखान्याच्या कार्डावर कंपनीचा शिक्का होता. खरं सांगितलं तर काम जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. मी मध्येच म्हणालो, "एक्केचाळीस." त्यांनी छातीला नळी लावली, "या वयात एवढं काही नसतं, दमणूक आहे," म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. बाहेर पायरीवर बसून तू एवढंच बोललास, "लई जवान केलंस रं मला." महिन्याभरानं तू साचा धरूनच खाली बसलास, तो उठला नाहीस. तुझ्या जागेवर मला घेतलं. त्या कागदांवरही तेच वय, माझ्याच अक्षरात.

डॉक्टर काय म्हणाले ते आज आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "मंग खरं का नाय सांगितलंस? तेंचं वय का ते व्हतं? उगंच तुला भ्या घालतेत." मी म्हणालो, खरं वय कुणाला ठाऊक होतं? गेली दहा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगतो. ती काड्या एकीकडं, पानं एकीकडं करत राहिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. मला ठाऊक होतं. बहीण कडेवर होती म्हणालास, तेव्हाच मी पाटाखाली बोटं मोजली होती: रझाकारांच्या वेळी तू पंचविशीचा, वर तीस वर्षं. पंचावन्न आले. चूक नको म्हणून परत मोजली. परत पंचावन्नच आले. मग लिहिलं.