रणगाडा मी चढवला

अण्णा,

वर तीर्थरूप वगैरे काही घालत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मान कमी झाला म्हणून रागवायला तुम्ही काही येणार नाही. दादा परवा येऊन गेला. चहा पिता पिता पुन्हा तेच, "त्या गणपतीत चारचौघांत अण्णांचं नाव घालवलंस तू." मी म्हटलं, घालवलं नाही, जिथे नव्हतं तिथे लावू दिलं नाही. तो कप अर्धा ठेवून उठला. म्हटलं, आता तुम्हालाच सगळं सांगावं.

कारगिलच्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीपुढे भावोजींनी लढाईचा देखावा करायला घेतला. गोणपाटाचे डोंगर, कापसाचा बर्फ आणि प्लायवुडचा हातभर रणगाडा. तो आपला आपण चढ चढून वर जायला हवा होता. भावोजींनी जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर थेट चाकांच्या दांड्याला जोडली. मोटर नुसती घुं करायची, रणगाडा जागचा हलेना. गणपती दोन दिवसांवर. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "भावोजी, वेग आहे, पण जोर नाही. मधे दात्यांची चाकं घालायला हवीत." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही सारणाकडे बघा. मोदकाला गिअर नसतो." सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

मी सारण उतरवलं, हात धुतले आणि माळ्यावरचा मोडक्या खेळण्यांचा डबा काढला. माझ्या घरात काही फेकलं जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या चाकांचे दाते मोजले. लहानाला आठ, मोठ्याला बत्तीस. म्हणजे चार फेऱ्यांची एक. अशा तीन जोड्या एकापुढे एक लावल्या की चौसष्ट फेऱ्यांची एक. मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण एवढं गणित मला येतं. रणगाड्याच्या चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याला भावोजींनी जुन्या स्लिपरचं रबर काढून ठेवलं होतं, चांगली पकड येईल म्हणून. पायातली वस्तू देवापुढे मी ठेवू देणार नव्हते. बाजेची निवार कापली आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबच्या आडव्या चिंध्या शिवल्या.

पहिल्यांदा लावलं तर चाकं अडकून बसली. फार जवळ बसवली होती मी. मग कागदाचा कपटा दोन चाकांच्या दात्यांत धरला, तशीच चाकं आवळली आणि ती फिरवून कपटा बाहेर काढला. तेवढी फट राहिली, चाकं मोकळी फिरली. हे तुमचंच. पण तुम्ही शिकवलं नव्हतं. तुमच्या इंजिनदुरुस्तीच्या शेडच्या दारातून मी बघितलं होतं. बघायला मनाई करायचं तुमच्या ध्यानात आलं नाही.

तो जयगडचा नाखवा आठवतो? मी चौदा वर्षांची आहे. तुम्ही जेवायला आत गेला आहात, होडीच्या इंजिनाचा गिअरबॉक्स शेडमध्ये उघडा पडला आहे आणि नाखव्याला भरतीच्या आधी निघायचं आहे. मी एकेक चाक बसवते, झाकण लावते, बोल्ट आवळते. नाखवा हाताने दांडा फिरवून बघतो. तुम्ही येता तेव्हा तो म्हणतो, "पोरीनं बसवलान. ब्येस बसवलान की." तुम्ही दांड्याला हातसुद्धा लावत नाही. "पोरीच्या हातचं इंजिन घेऊन दर्यात जाणार काय तू?" असं म्हणून सगळं पुन्हा खोलता. आणि अण्णा, मी उभी राहून बघितलं, तुम्ही ते जसंच्या तसं बसवलंत. एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे केला नाहीत. नाखव्याची भरती चुकली. मला म्हणालात, "पुन्हा शेडमध्ये दिसलीस तर याद राख." पुढे शेड दादाला दिलीत. त्याने ती दोन वर्षांत विकली.

तर, रणगाडा चढला. आरतीला घर भरलं होतं. आरती झाल्यावर भावोजींनी बटण दाबलं आणि तो सावकाश, कापसात रुतत, वरपर्यंत गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय हो, कुणी केलान हा?" भावोजी मनाने वाईट नाहीत. म्हणाले, "आमच्या वहिनींनी. त्यांच्या वडिलांची इंजिनाची शेड होती ना, बापाने शिकवलेलं हातात आहे." दादा प्रसादाला हात पुढे करून उभा होता, तो खुलला. माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, "बापाची पुण्याई."

माझ्या हातात तबक होतं. मी ते खाली ठेवलं आणि म्हटलं, "नाही. माझ्या वडिलांनी मला हत्याराला हात लावू दिला नाही. केलेलं काम खोलून टाकलं. हे मी केलंय." देवापुढे खोटं उभं राहू द्यायचं नव्हतं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर तेच म्हणेन, जरा मोठ्याने.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. रणगाडा वर जाताना किंचित डावीकडे ओढत होता. एका बाजूची निवार मी सैल शिवली होती. एवढी माणसं जमली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र सगळा वेळ दाराकडे बघत होते, तिथून तुमच्या आवाजात कुणीतरी ओरडेल म्हणून.