बोंबलाच्या दोरीवरची पांढरी साडी

४ डिसेंबर १९५९
पनवेलला जोशीबाईंकडे शिकवणी. नर्सिंगच्या मुलाखतीत इंग्रजी बोलावं लागणार, म्हणून बाईंनी कपड्यांपासून सुरुवात केली. क्लॉथ म्हणजे कापड, क्लोद्‌स म्हणजे कपडे. ब्लाउज मापात बसला तर फिट, शोभला तर सूट. मी म्हटलं, "माझा दंडात रुततो, पण शोभतो." बाई हसल्या. दिवाळे गावात घरी येईपर्यंत अर्धं विसरले. पालथ्या घड्यावर पाणी.

७ डिसें.
आज वेअर. साडी वेअर, चष्मा वेअर, फुलंसुद्धा वेअर. आपण साडी नेसतो, चोळी घालतो, बांगड्या भरतो, गजरा माळतो. इंग्रजांचं बरंय, एकात उरकतात!
क्लीन नि नीट यांत मात्र रोज घोळ. बाई म्हणतात, मळ नाही ते क्लीन. निऱ्या, पदर जागच्या जागी ते नीट.

१० डिसें.
बोलावणं आलं. पंधरा तारखेला, मुंबईच्या इस्पितळात. साडी साधी, पांढरी. मामा जेवता जेवता थांबला. "पांढरं नेसनार? लग्नाची पोर हाय ती!" आईने त्याच्या ताटात भात वाढला. मामाचं ठरलेलं आहे, यंदा जागा मिळाली नाही तर शिमग्यानंतर लग्न. मुलगा करंजा गावचा. असेल बरा. पण मला नर्सच व्हायचंय. लिहून ठेवते, उद्या डगमगले तर वाचायला.

१२ डिसें.
आई मासळी विकून आली ती पाटीत साडी घेऊन. पांढरी, पाचवारी! कासोट्याच्या लुगड्याशिवाय जन्मात काही नेसली नाही ती बाई. गळ्यातच पडले तिच्या.

१४ डिसें.
मामाच्या मचव्यातून जाणार नाही, असं सांगून टाकलं. माशांच्या पाट्यांत बसून मुलाखतीला जाऊ? एस. टी.ने ठाणे, पुढे गाडी. मामा फुगला. दिवसभर बाईंकडे. आले तर साडीची घडी तयार, कांजी करून कडक. आईच्या हाताला तोड नाही.

१५ डिसें.
ठाण्याला उतरले, वारा आला नि बोंबलाचा वास. आधी शेजारच्या बाईच्या पिशवीकडे बघितलं. बिचारीच्या पिशवीत पेरू. वास माझ्याच पदराला! आईने साडी बोंबील वाळवायच्या दोरीवर घातली होती. आमच्याकडे ऊन-वाऱ्याची जागा तीच. आणि घरभर तोच वास, तिथे कळणार कुणाला? राग आला, रडूही आलं. परत फिरावं असं वाटलं, पण शिमगा आठवला.
मेट्रनबाईंनी खिडकी उघडायला सांगितली. त्यांनी विचारायच्या आत अडखळत इंग्रजीत सांगून टाकलं, साडी क्लीन आहे, नीट आहे, पण आई बोंबील वाळवते त्याच दोरीवर वाळलीय. मेट्रनबाई मराठीत म्हणाल्या, "इथे याहून वाईट वास असतात. मळमळेल?" म्हटलं, "नाही." तेवढं मराठीतच आलं. "कळवू," म्हणाल्या.

१६ डिसें.
"काय बोलली मडम?" आईने विचारलं. म्हटलं, "साडी नीट आहे म्हणाली." आई खुलली. "आपले दोरीवर कांजी धरते तशी कुठं नाय धरत." आता हिला काय सांगायचं? नाहीच सांगितलं.

२ जानेवारी ६०
पत्र नाही. पोस्टमन दिसला की जीव टांगणीला. मामाने करंज्याचा विषय परत काढला. आई प्रथमच बोलली, "थांब दादा. कागद येवंदे." मामा उठून बाहेर गेला. आई माझ्या बाजूने आहे! आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

९ जाने.
अजून नाही.
दुपारी मागल्या दारी गेले. आईने साडी परत धुतलेली, कांजी करून. "बोलावलं तर हाताशी पायजे." बोंबील बाजूला सारून त्याच दोरीवर. काढूनच घेणार होते. आई उंबऱ्यात बसून बघत होती. वाऱ्याने साडीचं एक टोक सुटत होतं. ते दोरीला घट्ट बांधलं आणि आत आले.