खराब पिशवी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जून २००३

अण्णा,

आज माझ्या दवाखान्यात हातकणंगल्याची वर्षाराणी आली होती. वय तेवीस, अजून मूल नाही. तिच्या हातात जयसिंगपूरच्या तुझ्या दवाखान्याचं कार्ड होतं. पोटात दुखतं एवढ्यावरून तू तिची गर्भपिशवी काढलीस. गाठ नव्हती, हेही तुझ्याच अक्षरात आहे.

मी कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. ती मात्र लाजत म्हणाली, "डॉक्टर म्हनलं, पिशवी खराब झालीया, काढूया. दुखायचं थांबलं की ओ बाई! आता दिवस कवा जात्याल?"

अण्णा, मूल त्याच पिशवीत वाढतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मीही नाही सांगितलं. तुझं नाव वाचवायला टॉनिक लिहून दिलं. ती माझ्या पाया पडून गेली.

तुझीच बहीण,
त्रिशला