पडदा फर्स्टक्लास बसला

३ जानेवारी
रोजनिशी सुरू. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर सुनेपेक्षा बरं. नात दोन महिन्यांची झाली. बोळकं उघडून हसते ती फक्त माझ्याकडे बघून, बाकीच्यांना जांभया देते. सूनबाई एप्रिलात कामावर जाणार. मी म्हटलं, मी आहे की. ती काहीतरी पुटपुटली. मग मुलाने मोठ्याने सांगितलं, बाळ रडलेलं तुला ऐकू येत नाही, म्हणून पाळणाघर बघतोय. ऐकू येत नाही म्हणे! हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

९ जानेवारी
कानाचा डॉक्टर. मुलाचा मित्र शोभेल एवढाच. उजवा कान वयाने गेलाय, त्याला इलाज नाही. डाव्याच्या पडद्याला भोक, लहानपणी कान फुटायचा त्याचं. शिवाय पडद्यावर जुना वण, खडूसारखा पांढरा नि कडक. म्हणे नवा पडदा बसवू, बसेलही. पण कडकपणा आतल्या बारीक हाडांपर्यंत गेला असला तर भोक बुजूनही ऐकू येईल आताइतकंच. काय शिकवतात यांना! वण म्हणजे मजबुती. माझ्या गुडघ्यावरचाच घ्या, भोवतीची कातडी लोंबली, तो आपला ताठ.
सूनबाईने कबूल केलंय, ऑपरेशननंतर ऐकण्याची टेस्ट चांगली आली तर बाळ माझ्याकडे. मुलाकडूनही वदवून घेतलं.

२० जानेवारी
ऑपरेशन झालं. कानामागचा पातळ पापुद्रा काढून पडद्याला ठिगळ लावलं. डोक्याला हे एवढं पागोटं. नाक शिंकरायचं नाही, कानात पाणी नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. विहीणबाई भेटायला आल्या. त्यांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी तोंड उघडं ठेवून शिंकले. डॉक्टरांची आज्ञा.

१६ फेब्रुवारी
ठिगळ धरलं! डॉक्टर खूश. ऐकू फारसं येत नाही, ते आतल्या कापसामुळे असणार. पुढच्या खेपेला कापूस काढायला सांगेन.

२ मार्च
कापूस नव्हताच म्हणे. असो. नवी चप्पलसुद्धा सैल व्हायला वेळ घेते, हा तर पडदा. बाळासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले. पाळणाघरवाल्या बाया विणतात का?

१२ एप्रिल
टेस्ट. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. काचेपलीकडे मशीनवाली मुलगी. आवाज सोडताना ती मान खाली घालते, हे मी लगेच ओळखलं. मान खाली, बटण. मान खाली, बटण. एक चुकला नाही. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, आत येऊन माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. आणि नेमकं मशीन बंद पडलं. कितीतरी वेळ तशीच बसले, अंगठा आखडला. साधं मशीन धड ठेवता येत नाही यांना.
डॉक्टर मुलाशी बोलला, मुलाने मला सांगितलं. पडदा फर्स्टक्लास बसलाय, पण वणाने आतली हाडं जखडलीत. ‘पण’च्या आधीचं मी नीट ऐकलं. तेवढं पुरे.

१४ एप्रिल
मी हट्टच धरला तेव्हा सूनबाई अंघोळीला जाताना बाळ माझ्या हवाली करून गेली. विणायला उजेड हवा म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले, पाळणा पाठीमागे. गुणी पोर, चूं नाही की चां नाही. आजीजवळ कशी शांत असते, बघा म्हणावं. दुसरा मोजा पुरा करून टाकला.
एवढ्यात सूनबाई माझ्या अंगावरून धावत गेली, केसांत साबण तसाच. पोर लालेलाल, हुंदक्यांनी श्वास पुरेना.
तिला छातीशी धरून सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली आणि ओठ ठळक हलवत म्हणाली, “आई, ती केव्हाची रडतेय.”
भांडली असती तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती.

१६ एप्रिल
नात पाळणाघरात गेली. घरात अगदी शांतता आहे.
परवा नात माझ्या पाठीमागे होती, तेव्हाही शांतता एवढीच होती.