एकच्या दिशेची गोळी

१३ मे, मंगळवार

५८४! साठ गोळ्यांत सोळा गुण घालवले. मी! गेल्या वीस वर्षांत ५९० च्या खाली आले नव्हते. बाकीच्या गोळ्या उत्तम, दहाच्या ठिपक्यात एकावर एक. पण मधूनच एक सुटते आणि जाते वर उजवीकडे, घड्याळात एक वाजतो त्या दिशेला. आठ. पुढच्या दहा-बारा गुणी बाळासारख्या. मग परत एक. सात!

लुडविग कप्तान झाल्यापासून नेहमी सुतकी चेहरा करून बोलतो. "रोझविथा, बावीस जूनला ग्रुनबाखशी शेवटचा सामना आहे. संघात जागा चारच. आणि मानुएला ५८८ मारतेय."

मानुएला! बेकरीवाली! तीन वर्षांपूर्वी तिला रायफल कुठल्या बाजूने धरायची तेही मी शिकवलं. माझी जागा ती घेणार? अजिबात नाही.

दोष नळीचा आहे. मला ठाऊक आहे.

१४ मे

गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. दिसत नाही, पण थरथरते. नळीच्या तोंडाशी नेमकं वजन बसवलं की ती थरथर शहाण्यासारखी होते — प्रत्येक गोळी एकाच क्षणाला, एकाच जागेवरून बाहेर. कपडे वाळत घातले की दोरी कशी हेलकावायची थांबते, तसंच. लोक यासाठी दुकानातून महागडी नळकांडी आणतात. मी पंपाच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं लेथवर काढली. माझा लेथ तळघरात आहे आणि पितळही आहे. दुकानदाराचं तोंड कशाला बघू?

१६ मे, शुक्रवार

पहिलं कडं, ८० ग्रॅम. आतून आटे पाडलेत, म्हणजे फिरवून पुढे-मागे सरकवता येतं. ५८८.

अल्फॉन्स क्लबची हत्यारं सांभाळतो. कडं बघून म्हणाला, "काय गं, साखरपुडा झाला वाटतं हिचा?"

"झाला. तुझ्यापेक्षा बरं स्थळ मिळालं तिला."

एकच्या दिशेला गेलेल्या गोळ्या : तीन. गोळी क्रमांक ११, ३४, ५२. आता प्रत्येकीची नोंद ठेवणार.

२० मे, मंगळवार

१२० ग्रॅम. साडेतीन आटे पुढे. ५९१! चुकार फक्त दोन — २३, ४७. लुडविगने आकडा बघितला आणि चष्मा पुसला. पुस बाबा, नीट पुस.

२३ मे

५९३!! मी म्हटलं नव्हतं?

२७ मे, मंगळवार

रेंजवर गेले नाही, दिवसभर तळघरात १६० ग्रॅमचं कडं केलं. एबर्हार्ट जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. निवृत्त झाल्यापासून माझ्या या नवऱ्याला दोनच उद्योग — स्वयंपाक आणि माझ्यावर पहारा.

"वर येताना दोनदा का थांबतेस?"

"हातात दोन किलो पितळ आहे म्हणून!"

"काल तर हातात फक्त केकची बशी होती."

"तुझा केक उचलून बघ एकदा. मग कळेल."

हसला नाही. नेहमी हसतो.

१ जून, रविवार

घरच्या मैदानावर सामना. ५९२ आणि आम्ही जिंकलो! नंतर भाजलेली सॉसेजेस, बिअर, आणि लुडविग चक्क हसला. दात बरे आहेत त्याचे.

मानुएला शेजारी येऊन बसली. पोर वाईट नाही, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "रोझविथा, मी पालथी पडून नेम धरते ना, तेव्हा नळीच्या टोकावरची नेमाची माशी सारखी उडते. हात तर हलत नाही माझा."

मी म्हटलं, "ती तुझी नाडी आहे, वेडे. पट्टा दंडावर आवळलेला असतो, त्यात रक्ताचा ठोका बसतो, तो सरळ रायफलमध्ये जातो. सगळ्यांचीच उडते. दोन ठोक्यांच्या मधे माशी शांत असते. त्या शांततेत चाप ओढायचा."

"तू मोजतेस ठोके?"

"मोजायचे कशाला? वीस वर्षांनी बोटाला आपोआप कळतं. माशी गप्प झाली की बोट ओढतं."

सगळं शिकवून बसले प्रतिस्पर्ध्याला! असू दे. कडं तर माझ्याकडे आहे.

६ जून, शुक्रवार

५८६. १६० ग्रॅम असूनही. चुकार चार — ९, १७, ३८, ५५. काय चाललंय? अर्धा आटा मागे घेतला, मग एक पुढे. काही फरक नाही. नळीवर ओरडले. मोठ्याने. अल्फॉन्स पाठ करून हसत होता, मला दिसलं.

१० जून, मंगळवार

५८३. सहा चुकार! लुडविग म्हणाला, "पुढच्या मंगळवारी नावं कळवायची आहेत." मानुएलाने माझ्याकडे बघितलं नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी जेवणात पांढरा अ‍ॅस्परॅगस होता, या मोसमातला शेवटचा. चवच लागली नाही.

१३ जून, शुक्रवार

अल्फॉन्स म्हणाला, "आण ती इकडे. शिकंज्यात धरू." गोळ्यांचे नवे लॉट तपासायला त्याने तो शिकंजा केलाय. रायफल अशी आवळतो की तिला माणूस लागतच नाही. महिनाभर तो हेच सांगत होता आणि महिनाभर मी त्याला उडवून लावत होते. नळी मला विचारा, शिकंज्याला काय विचारता!

आज दिली. कडं काढलं, सगळी वजनं काढली. नळी उघडी. चाळीस गोळ्या.

चाळीसही एकाच भोकात! वाटाण्याएवढं भोक. एकही एकच्या दिशेला गेली नाही. मी कागद उजेडात धरून बघितला, उलटा करूनही बघितला.

"रायफल ठणठणीत आहे, रोझविथा," अल्फॉन्स म्हणाला. हळू आवाजात म्हणाला. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणजे दोष दस्त्याच्या मागे. माझ्यात! कोपर सरकत असेल. नाहीतर पट्टा खाली उतरला असेल. सापडेल. एकेचाळीस वर्षांत मला न सापडलेला बिघाड नाही. मंगळवारपर्यंत चार दिवस आहेत, मला दोन पुरतील.

१५ जून, रविवार

सापडला.

जेवणाआधी बैठकीच्या खोलीत सतरंजीवर पालथी पडले. पट्टा आवळला. रिकाम्या रायफलने भिंतीच्या कागदावरचं एक फूल धरलं. चाप ओढायचाच नाही, नुसतं बघत राहायचं. माशी उडत होती — एक, एक, एक, एक. मग थांबली. गप्प. नेहमीपेक्षा लांब, सुंदर शांतता. बोट आपोआप आत गेलं. आणि तेवढ्यात धक्का, मोठा, वर उजवीकडे. एकच्या दिशेला.

असं चार वेळा बघितलं. मग एबर्हार्टला हाक मारली. बटाट्याचे हात पुसत आला, गुडघ्यावर बसला, माझं मनगट धरून तोंडाने नाडी मोजायला लागला. मी माशीवर मोजत होते. दोघं एकदमच थांबलो.

"गाडी काढ," मी म्हटलं.

तो किल्ल्या शोधतोय. ही वही बरोबर घेतेय. डॉक्टर विचारतील, कधीपासून — सगळं लिहिलेलं आहे, गोळीच्या क्रमांकासकट.